राखीगढीचं एक हाड, आजीची तेलुगू आणि आर्य कुठून आले

भाचा नांदेडला अभ्यासिकेत बसून स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. परवा रात्री अकराला त्याचा मेसेज आला, "मामा, इथं दोघं भांडायलेत. एक म्हणतो राखीगढीच्या डीएनएनं आर्य बाहेरून आले हे खोटं ठरलं, दुसरा म्हणतो त्याच डीएनएनं ते खरं ठरलं. दोघांच्या मोबाईलवर बातमी २०१९ चीच. खरं कोणाचं? आणि हाडावरून भाषा कशी काय कळती?" राखीगढी म्हंजे हरियाणातलं हडप्पा संस्कृतीचं मोठं नगर. आता मी जुन्या हाडांतून डीएनए काढायच्या कामात सतरा-अठरा वर्षं घालवलीत, त्याआधी खोदकामावर उकिडवं बसून ब्रशनं सांगाडे साफ करायचो, म्हंजे विचारलं ते योग्य माणसाला. पण दोन ओळीत उत्तर दिलं असतं तर भांडण आणखी वाढलं असतं, म्हणून हे लांबण.

बाळा, तुझा शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण सगळा घोळ तिथंच आहे. हाडावरून भाषा कळत नाही. अजिबात नाही. हाडातून मला ती बाई होती का पुरुष हे सांगता येतं, तिचे पूर्वज कुठल्या कुठल्या गटातले, शेजारच्या खड्ड्यात पुरलेला तिचा भाऊ आहे का, कधीकधी तर प्लेगनं मेली का हेही, पण ती आईला काय म्हणून हाक मारायची ते काही केल्या नाही.

तुझ्या पणजीचंच घे, माझ्या आईच्या आईचं. ती देगलूरच्या पलीकडची, माहेर पक्कं तेलुगू. लग्न होऊन मुखेडकडं आली तेव्हा तिला मराठीत पाणी मागता येत नव्हतं म्हणे. मी बघितली तेव्हा ती झकास मराठी बोलायची, जात्यावरच्या ओव्या म्हणायची, शिव्या तर विचारूच नको, पण खळ्यावर ज्वारी मापायला बसली की पहिल्या मापाला ‘लाभ’ आणि तिथून पुढं रेंडु, मूडु, नालुगु, ऐदु. मराठी आकडे तिला येत नव्हते असं नाही, बाजारात ती मराठीतच हिशोब करायची, पण माप हातात आलं की तोंड आपोआप माहेरी जायचं. माझ्या आईला तेलुगू समजायची, बोलता यायची नाही. मला दहापर्यंत आकडे येतात. तुला तेवढंही नाही. आणि आता गंमत बघ, पेशीत मायटोकाँड्रिया नावाचा एक भाग असतो, त्याचा डीएनए फक्त आईकडून येतो. म्हंजे पणजीचा तो डीएनए तुझ्या आजीत, आजीचा ताईत आणि ताईचा तुझ्यात, जवळजवळ जसाच्या तसा. उद्या चार हजार वर्षांनी कुणी तुझं हाड उकरलं तर त्यात पणजी सापडेल, पण तिची तेलुगू नाही सापडायची आणि तुझी मराठीही नाही.

हे फक्त आपल्याच घरात झालंय असंही नाही. हिंगोली-किनवटकडं आंध समाज बघ, आदिवासी, पण घरात मराठी. किनवटलाच कोलामांची कोलामी आणि गोंडांची गोंडी, दोन्ही द्राविडी कुळातल्या. तिथून जरा पुढं तांड्यावर गेलास की गोरबोली, ती राजस्थानीच्या जवळची. ह्या सगळ्यांचे सांगाडे एका रांगेत ठेवले तर कोण काय बोलायचं हे मला नाही सांगता येणार.

मग डीएनएवाल्यांनी भाषेच्या भांडणात तोंड घातलं कामून? त्याचं कारण असं की लोक हलले की भाषा हलायची शक्यता असते, आणि लोक हलले का नाही, कधी हलले, किती हलले, हे हाड लई चांगलं सांगतं. पूर्वी हे फक्त भांड्यांवरून सांगायचे, आणि भांडं तर बाजारातून विकतही आणता येतं. भांडी बदलली म्हणजे माणसं बदलली हे गणित कितीदा फसलंय. डीएनए विकत आणता येत नाही, तो आईबापाकडूनच यायला लागतो. एवढा एकच आधार, पण भक्कम.

आता ते हाड बघू, कारण तुझ्या मित्रांच्या भांडणात ते कुठंच नाही. कानाच्या आत, कवटीच्या तळाला एक हाड असतं, त्याला पेट्रस म्हणतात, ते नावच मुळात दगडावरून पडलंय इतकं ते घट्ट. हातात घेतलं तर मोठ्या सुपारीएवढं वाटतं. २०१४-१५ च्या सुमारास कळलं की बाकीच्या हाडांपेक्षा ह्यात डीएनए कितीतरी जास्त टिकतो आणि तिथून ह्या धंद्याचं नशीब पालटलं. लॅबमध्ये पांढरा सूट, तोंडावर मास्क, हातात दोन-दोन ग्लोव्हज, टेबल ब्लीचनं पुसलेलं, आणि मग बारीक ड्रिलनं अगदी सावकाश ते हाड कोरायचं. सावकाश कारण ड्रिल जोरात फिरलं की हाड तापतं आणि तापलं की होता तेवढाही डीएनए जातो. दाताच्या दवाखान्यात येतो तसला करपट वास आला की लगेच हात उचलायचा. एवढ्या खटाटोपातून पन्नास मिलिग्रॅम पावडर निघते, तंबाखूची चिमूट ह्याच्यापेक्षा मोठी असते. ती द्रावणात रात्रभर विरघळवायची, मग त्यातून डीएनए सिलिकाला चिकटवून वेगळा करायचा. आणि बहुतेक वेळा हाती काय लागतं? मातीतले जंतू. शंभरातले नव्व्याण्णव तुकडे जंतूंचे, एक माणसाचा, आणि तो एक तरी जुन्याच माणसाचा आहे का ही पुढची काळजी.

त्याचा एक किस्सा सांगतो, माझ्यावरच बेतलेला. सुरुवातीच्या काळात एका खोदकामातून, नाव नको, आलेल्या दातातून इतका सुंदर डीएनए निघाला की मी त्या रात्री झोपलोच नाही, गावाकडं फोन करून आईला सांगितलं की तुझ्या पोरानं काहीतरी मोठं केलंय. दोन दिवसांनी लॅबमधल्या सिनियर बाईंनी एकच विचारलं, "टोकं बघितलीस का?" डीएनए म्हंजे ए, सी, जी, टी ह्या चार अक्षरांची लांब ओळ. जुना डीएनए तुटका असतो, पन्नास-साठ अक्षरांचे तुकडे, आणि त्या तुकड्यांच्या टोकाला सी अक्षर खराब होऊन टी असं वाचलं जातं. जुन्या सातबाऱ्याला कशी कडेनं कसर लागलेली असते, तसं, आणि ती कसर हाच जुनेपणाचा दाखला. माझ्या तुकड्यांची टोकं कोरी करकरीत. मग लॅबमधल्या सगळ्यांचे नमुने तुलनेला ठेवलेले असतात त्याच्याशी ताडून बघितलं, तर तो डीएनए माझाच. आईला परत फोन केला नाही. पण तेव्हापासून कुठलाही रिझल्ट फार सुंदर दिसला की माझ्या पोटात गोळा येतो.

आणि आपल्याकडचं ऊन. उष्णता ही डीएनएची वैरीण. सैबेरियातलं हाड फ्रिजमध्ये ठेवल्यासारखं राहतं, आपल्याकडं मे महिन्यात ४२-४३ आणि खाली काळी माती, उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळणारी आणि पावसाळ्यात फुगणारी, वरचं खाली नि खालचं वर करणारी. त्यात मागच्या पिढीनं सांगाडे पाण्यानं धुतले, वर टिकावेत म्हणून लाखेसारखं काहीबाही फासलं, त्यांचा दोष नाही म्हणा, डीएनएचं त्यांना स्वप्न तरी पडलं होतं का.

म्हणून राखीगढीचा आकडा नीट बघ. हिसार जिल्ह्यातलं हे नगर. तिथले ६१ नमुने तपासले, त्यातल्या एकातून कामापुरता डीएनए निघाला. एका बाईचा. तोही तिच्याच हाडावर शंभरावर वेळा प्रयत्न करून. काळ साधारण इसवी सनापूर्वी २८०० ते २३००, म्हंजे हडप्पाचा ऐन भर. तिच्यात मुख्य दोन वाटे सापडले, एक इराणकडच्या लोकांशी दूरचं नातं सांगणारा, तो इराणच्या शेतकऱ्यांपासून शेती सुरू व्हायच्याही आधी, १२ हजार वर्षांपूर्वीच वेगळा झालेला, आणि दुसरा आपल्याकडच्या जुन्या शिकारी लोकांचा. स्टेपी, म्हंजे काळ्या समुद्राच्या उत्तरेकडून थेट कझाकिस्तानपर्यंतचं ते गवताळ रान, तिथल्या लोकांचा वाटा शून्य.

पहिला मित्र इथंच थांबला. स्टेपी शून्य, म्हंजे कुणी आलंच नाही, संपलं. अरे पण येणाऱ्यांचा काळ कुठला सांगतात? इसवी सनापूर्वी २००० ते १५००. बाई त्याच्या तीन-चारशे वर्षं तरी आधी गेलेली. माळेगावच्या यात्रेच्या महिनाभर आधी मोकळ्या मैदानाचा फोटो काढायचा आणि म्हणायचं, बघा, इथं घोडे येतच नाहीत, तसलं झालं हे. उलट तिच्यात स्टेपी सापडलं असतं तरच स्थलांतरवाल्यांची पंचाईत झाली असती.

दुसरा शोधनिबंध राखीगढीवाल्याच्याच आठवड्यात आला, सप्टेंबर २०१९, आणि दोन्हीकडचे बरेच लेखक तेच, हे बातमीत कुणी सांगत नाही. त्यात ५२३ जुन्या माणसांचा डीएनए, मध्य आशिया, इराण, स्टेपी आणि पाकिस्तानातलं स्वात खोरं. त्यातली अकरा माणसं माझ्या मते सगळ्यात मजेशीर, तुर्कमेनिस्तानातल्या गोनूर आणि इराणातल्या शहर-ए-सोख्ता इथं पुरलेली, पण तिथल्या बाकी लोकांसारखी नाहीत, राखीगढीच्या बाईसारखी. म्हंजे सिंधूकडून व्यापाराला किंवा लग्न होऊन तिकडं गेलेली असणार. माणसं दोन्ही दिशांनी जायची की. मग स्वातमध्ये इसवी सनापूर्वी १२०० नंतरच्या सांगाड्यांत स्टेपीचा वाटा दिसतो, आणि मिसळण कधी झाली ह्याचा हिशोब मागं नेला की तो २००० ते १५०० मध्येच जाऊन बसतो. आज भारतातल्या बहुतेक समाजांत हा वाटा आहे, कुठं नगण्य, कुठं जास्तीत जास्त ३० टक्क्यांच्या घरात. आणि सगळ्यात मोठा वाटा? त्या राखीगढीच्या बाईसारख्या लोकांचा. म्हणून ती आपली पूर्वज हे पहिल्याचं बरोबर, नंतर बाहेरून लोक आले हे दुसऱ्याचं बरोबर, आणि दोघंही अर्धीच बातमी वाचून रात्री अकराला भांडायलेत.

आता स्टेपीचे लोक आले हे कळलं, पण ते संस्कृतची आजी बोलत होते हे कशावरून? इथं हाड गप्प बसतं आणि भाषावाल्यांना बोलवावं लागतं. कलकत्त्यात १७८६ साली विल्यम जोन्स ह्या इंग्रज न्यायाधीशानं संस्कृत, ग्रीक, लॅटिन ह्यांचं मूळ एकच असावं असं सांगितलं (ह्याच कुळाला आता इंडो-युरोपियन म्हणतात) तिथपासूनचं हे काम, आमच्या धंद्यापेक्षा दोनशे वर्षांनी जुनं आणि खरं सांगायचं तर अजूनही आमच्यापेक्षा पक्कं.

फिनलंडचं बघ. फिनिश आपल्या कुळातली भाषाच नाही, पण तिथं शंभराला ‘साता’ म्हणतात. हा आपल्या ‘शत’चा सख्खा भाऊ, लई जुन्या काळात उसना घेतलेला. हातोड्याला ‘वासारा’, तो वज्राच्या घरातला. आता ही उसनवारी काही गोदावरीकाठी झाली नाही, फिनिशचे पूर्वज उरल-व्होल्गाकडच्या जंगलात असताना त्यांच्या दक्षिणेला गवताळ रानात इंडो-इराणी, म्हंजे संस्कृत आणि जुन्या इराणीची आई, बोलणारे शेजारी होते तरच हे जमतं. आणि नेमकं त्याच पट्ट्यात, उरलच्या दक्षिणेला, सिंताष्टा नावाची संस्कृती, सुमारे इसवी सनापूर्वी २०००, आऱ्यांच्या चाकाचे रथ माणसासोबत पुरलेले, आणि त्यांचा डीएनए आपल्याकडं आलेल्या वाट्याशी जुळतो. बापाकडून येणाऱ्या वाय गुणसूत्राची आर१ए नावाची जी शाखा भारतात भरपूर आहे तिचीच फांदी तिथं सापडते. घोड्यांचाही डीएनए झालाय बरं का, २०२१ मध्ये, आजचे सगळे पाळीव घोडे व्होल्गा-डॉनच्या भागातले आणि त्यांचा फैलाव इसवी सनापूर्वी २००० च्या आसपास. म्हंजे माणूस, घोडा, रथ आणि शब्द, चारही एकाच पत्त्यावर भेटायलेत. एकेकटा पुरावा मी मानला नसता.

आणि माझा सगळ्यात लाडका पुरावा तर हाडाचाही नाही. तुर्कस्तानात बोगाझक्योय इथं मातीच्या पाट्या निघाल्या, त्यातल्या काही घोडे तयार करायची पद्धत सांगतात, सांगणारा मितान्नी ह्या सीरियाकडच्या जुन्या राज्याचा किक्कुली नावाचा माणूस, सुमारे ३४०० वर्षांपूर्वीचा. मितान्नीचे लोक बोलायचे हुर्रियन, ती आपल्या कुळातली नाही, पाट्या लिहिल्यात हित्ताइट भाषेत, ती बोगाझक्योयच्या राज्याची आणि आपल्याच कुळातली, पण घोड्याला किती फेऱ्या मारायच्या ते सांगताना आकडे बघ, ऐकवर्तन्न, तेरवर्तन्न, पंझवर्तन्न, सत्तवर्तन्न. एक, त्रि, पंच, सप्त आणि वर्तन. इराणी भाषेत एकाला ‘ऐव’ म्हणायचे, हा ‘ऐक’ म्हणजे आपल्याच बाजूचा. त्याच राज्याच्या तहात साक्षीला मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य हे देव बोलावलेत. बोलीभाषा कधीच बदललेली, उरली ती घोडा हातात घेतल्यावर तोंडात येणारी मोजणी. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला त्या किक्कुलीच्या जागी माझी आजी, म्हंजे तुझी पणजीच दिसली, ज्वारीचं माप घेऊन बसलेली.

तसंच बैलगाडीचं जू. संस्कृतात युग, लॅटिनमध्ये युगुम, हित्ताइटमध्ये युकन, इंग्रजीत योक, आणि आपल्याकडं जू. चाक-चक्र आणि ग्रीक कुक्लोस तसेच. आपले आजोबा सुताराकडं गाडी नीट करायला न्यायचे तेव्हा त्या अंगणात पाच हजार वर्षांचे शब्द पडलेले असायचे, जू, चाक, आरे, आख. चाकाचा शोध सुमारे साडेपाच हजार वर्षांपूर्वीचा, म्हंजे ज्या भाषांत चाकाचा शब्द एकाच मुळातला आहे त्या त्याच्या फार आधी फुटलेल्या नसाव्यात. हित्ताइटमध्ये जू आपल्यासारखं पण चाकाला शब्द निराळाच, म्हणून ती शाखा चाकाच्या आधीच वेगळी झाली असावी असं बरेच जण मानतात. मलाही ते पटतं.

पण आता थांब, नाहीतर तूही उद्या म्हणशील की स्टेपी डीएनए म्हंजेच आर्यभाषा. स्पेनमध्ये इसवी सनापूर्वी २००० पर्यंत तिथल्या पुरुषांची जुनी वंशरेषा जवळजवळ पुसली गेली, स्टेपीकडच्या बापांनी जागा घेतली, एवढी उलथापालथ. आणि तिथलेच बास्क लोक, त्यांच्यातही तोच डीएनए, पण भाषा आजही इंडो-युरोपियन नाही, कशाशीच नातं न सांगणारी. इटलीतले इट्रस्कन, २०२१ मध्ये त्यांची हाडं तपासली, ते शेजारच्या रोमवाल्यांसारखेच निघाले, स्टेपीचा वाटा तेवढाच, भाषा पूर्ण वेगळी. हंगेरीत तर उलटं, भाषा उरलकडून आलेली आणि आजच्या लोकांचा डीएनए बहुतांशी आजूबाजूच्यांसारखा. डीएनए आणि भाषा एका गाडीत बसून निघतात खरं, पण उतरताना एकाच स्टॉपवर उतरतील ह्याची हमी नाही.

ह्या सगळ्या इंडो-युरोपियन भाषा पहिल्यांदा कुठं बोलल्या गेल्या, त्या मूळ घराचं भांडण अजून वेगळं आहे, ते थोडक्यात. पुरातत्त्वज्ञ मारिया गिंबुटास यांनी १९५६ मध्ये स्टेपीतल्या कुर्गान म्हंजे टेकाडांच्या थडग्यांकडं बोट दाखवलं, दुसरे पुरातत्त्वज्ञ कॉलिन रेन्फ्र्यू यांनी १९८७ मध्ये म्हटलं, नाही, तुर्कस्तानातल्या शेतकऱ्यांसोबत भाषा पसरली. २०१५ मध्ये युरोपच्या हाडांवरून स्टेपीतल्या याम्नाया लोकांचं मोठं स्थलांतर दिसलं आणि गिंबुटास यांचं पारडं जड झालं. पण हित्ताइटवाल्या भागातल्या जुन्या हाडांत स्टेपीचा वाटा काही सापडेना, हे कुसळ डोळ्यात राहिलंच. २०२५ मध्ये त्यावर उत्तर आलं ते असं की त्याच्याही आधीचे, कॉकेशस आणि खालच्या व्होल्गामधले लोक हे दोघांचे पूर्वज, याम्नायात त्यांचा सुमारे चार-पंचमांश वाटा आणि तुर्कस्तानातल्या त्या लोकांत सुमारे दशांश. मला हे जमलेलं वाटतं, पण दशांश वाट्यावर अख्खी भाषा टांगताना हात थोडा थरथरतो. २०२३ मध्ये १६१ भाषांचे शब्द कॉम्प्युटरला घालून एक गट म्हणाला की मूळ भाषा ८१०० वर्षांपूर्वीची आणि आपली शाखा स्टेपीतून न येता इराणकडून थेट आली असेल. ते मला नाही पटत. फिनिशमधला ‘साता’ मग कुठून आला, आणि ऋग्वेद नि पारशांचा जुना धर्मग्रंथ अवेस्ता ह्यांच्या भाषा एकमेकींच्या इतक्या जवळ कशा, सप्तसिंधु आणि हप्तहिंदु, हजारो वर्षं आधी फुटलेल्या बहिणी अशा दिसत नाहीत.

‘आक्रमण’ हा शब्द तर आता सोडून दे, त्यावरच निम्मी भांडणं होतात. मॉर्टिमर व्हीलर ह्या ब्रिटिश पुरातत्त्वज्ञानं मोहेंजोदडोच्या गल्लीतले सांगाडे बघून इंद्राला आरोपी केलं होतं, पुढं कळलं की ते सांगाडे वेगवेगळ्या काळातले आहेत, कत्तलबित्तल काही नाही. ब्रिटनमध्ये स्टेपीचा वाटा घेऊन लोक पोचल्यावर सुमारे ९० टक्के लोकसंख्या बदलली, आपल्याकडं तसं काही घडलेलं नाही. आपल्याकडची गोष्ट मिसळण्याची आहे आणि तीही गुंतागुंतीची, स्वातच्या सांगाड्यांत स्टेपीचा वाटा जास्त करून बायकांकडून आलेला दिसतो, आजच्या भारतात मात्र तो पुरुषांकडून जास्त आलाय. म्हंजे एकदाच एक टोळी आली आणि झालं, असं ते नव्हतंच.

आणि मिसळले तर सगळेच. २०१३ च्या अभ्यासात भारतातल्या गटांची मिसळण ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या दरम्यानची निघाली, जे स्वतःला शुद्ध म्हणवतात तेही त्यातच. १९०० वर्षांपूर्वीच्या आसपास मिसळणं थांबत गेलं, ज्याची त्याची सोयरीक ज्याच्या त्याच्यात. आता हे बघ, नाशिकच्या लेण्यात गोतमी बलश्रीचा प्राकृत शिलालेख आहे, आपल्या पैठणच्या सातवाहन गौतमीपुत्राच्या आईचा, साधारण त्याच काळातला. त्यात पोराचं कौतुक करताना ती सांगते की त्यानं चार वर्णांचा संकर थांबवला. राजाच्या स्तुतीत काहीही लिहितात, त्यावरून सिद्ध काही होत नाही, पण डीएनएचा आकडा आणि दगडावरचं अक्षर असं शेजारी येऊन बसलेलं बघून मी त्या लेण्यात बराच वेळ उभा होतो. एखाद्या गोष्टीला कुणी थांबवलं म्हणून शाबासकी मिळते, म्हंजे ती तोवर चालू असणार ना.

राहता राहिलं आपलं दख्खन. त्या ५२३ माणसांत गोदावरीकाठचा एकही नाही. आपल्याकडं पैठणजवळच्या आपेगावला, ज्ञानेश्वरांच्या आपेगावला, ताम्रपाषाण वस्ती खोदलीय, तिकडं दायमाबाद, इनामगाव. इनामगावला लेकरं घरातल्या जमिनीखाली दोन रांजणं तोंडाला तोंड लावून त्यात पुरायचे. ती आई काय भाषा बोलायची? तिच्यानंतर हजारभर वर्षांनी लिहिलेलं सापडतं ते प्राकृत. मधल्या काळात इथं कोण काय बोलायचं त्याचा माग मराठीतच थोडाफार आहे. ‘आम्ही’ म्हटलं की तुला वगळून आणि ‘आपण’ म्हटलं की तुला धरून, हा भेद हिंदीला नाही, तेलुगूला आहे. ‘तो येतो म्हणून म्हणाला’ मधला आपला ‘म्हणून’ तेलुगूच्या ‘अनि’सारखाच बसतो. मामाच्या पोरीशी लग्न हीसुद्धा दक्षिणेकडची रीत. (माझ्या पोरीवर नजर ठेवू नको, तिला आधी शिकायचंय.) पण ह्यातलं काहीच हाडातून कळलेलं नाही, हे सगळं तोंडातून कळलंय.

परीक्षेपुरतं सांगायचं तर राखीगढीच्या नमुन्यात स्टेपी वाटा आहे का असं विचारलं तर ‘नाही’वर टिक कर, आजच्या भारतीयांत आहे का विचारलं तर ‘आहे’वर, आणि हडप्पाची भाषा कुठली असा प्रश्न आला तर त्यांची लिपीच अजून वाचता आलेली नाही, तेव्हा तमिळ किंवा संस्कृत असं ठामपणे देणाऱ्या पर्यायावर काळं करू नको.

आणि हे वाचून झालं की ताईला एक विचार. आजी मापताना पदिच्या पुढं काय म्हणायची? मला दहाच्या पुढं आठवत नाही, ताई माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी, खळ्यावर तीच पोत्याचं तोंड धरून बसायची. विचारताना फोनचं रेकॉर्डिंग चालू ठेव.